अहवालातील मिलिमीटर

जिभेच्या गाठीभोवतीचा एक सेंटिमीटर निरोगी भाग काढल्याचे सर्जन सांगतात. पॅथॉलॉजीच्या अहवालात मात्र तो सात मिलिमीटर भरतो. वाचकहो, अशा वेळी कोणाची चूक झाली, असे लगेच मानू नका. शरीरापासून सुटताच ऊती आक्रसते. पुढे फॉर्मॅलिन, अल्कोहोल आणि मेण यांच्या प्रक्रियेत ती आणखी आखडते. तरीही आकड्याचा अर्थ स्वतः लावू नये. ‘कड पुरेशी मोकळी आहे का?’ हे सर्जनांनाच विचारावे. नमुना प्रयोगशाळेत नेण्याचे काम तुमच्याकडे आले, तर तो फॉर्मॅलिनमध्ये पूर्ण बुडालेला आहे ना, हे रुग्णालयातच विचारून घ्या. कोरडा राहिलेला किंवा साध्या पाण्यात ठेवलेला नमुना बिघडतो आणि तो पुन्हा मिळत नाही.