नटी आणि उंबरठा

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत एक विलक्षण विसंगति आढळते. आरंभीं नाट्यास पंचम वेदाची थोरवी दिली आहे; अखेरीस मात्र ऋषींच्या शापानें भरतपुत्र पतित झाल्याची कथा येते. कलेस पूजावें आणि कलावंतास ओसरीबाहेर ठेवावें, ही आमची रीत इतकी जुनी आहे.

खानदेशापुरतें पाहिलें तरी हें ध्यानांत येईल. बालगंधर्वांनीं बालपणीं गायनाचे धडे घेतले ते जळगावीं. कुलीन स्त्रीनें रंगभूमीवर पाऊल ठेवणें निषिद्ध, सबब स्त्रीचें मन पुरुषानें रंगवावें, असा तो काळ होता. पुढें शेजारच्या धुळें जिल्ह्यांतील शिरपूरच्या पाटील घराण्याची कन्याच या क्षेत्रांत उतरली.

स्मिता पाटील यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजीं पुण्यास झाला. वडील शिवाजीराव स्वातंत्र्यलढ्यांतले व सहकारी चळवळींतले कार्यकर्ते, मातोश्री विद्याताई समाजसेविका. मुंबई दूरदर्शनवर त्या मराठी बातम्या देत असतां श्याम बेनेगल यांचें लक्ष त्यांजकडे गेलें.

शास्त्रानें अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. आहार्याचा, म्हणजे वेषभूषेचा, थाट मिरविणाऱ्या नट्या पुष्कळ. स्मिताबाईंचें बळ सात्त्विकांत होतें. 'जैत रे जैत'मध्यें नटी दिसत नाहीं, ठाकरांची चिंधीच दिसते. 'भूमिका' (१९७७) हा चित्रपट हंसा वाडकर यांच्या आत्मकथनावर आधारलेला. घर पोसणाऱ्या, परंतु स्वतःच्या आयुष्याचा निर्णय हातीं नसलेल्या नटीचें दुःख त्यांनीं बाविशीच्या सुमारास साकार केलें. त्याकरितां राष्ट्रीय पुरस्कार लाभला. 'चक्र'करितां तो पुन्हां मिळाला. १९८५ सालीं पद्मश्री आली.

'उंबरठा' (१९८२) मधील सुशिक्षित सुलभा महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून घराबाहेर पडते. परत येते तों घर तेंच, पण तिची जागा गेलेली. ती निमूट राहत नाहीं, पुन्हां निघते. प्रेक्षागृहांत आपण सर्वांनीं तिचीच बाजू घेतली. परंतु तीच सुलभा आपली सून असती तर? या प्रश्नाचें उत्तर प्रेक्षागृहांत मिळत नाहीं, माजघरांत द्यावें लागतें.

१३ डिसेंबर १९८६ रोजीं, प्रसूतीनंतर अवघ्या दोन आठवड्यांनीं, एकतिसाव्या वर्षीं त्या निवर्तल्या. 'मिर्च मसाला' त्यांच्या पश्चात् पडद्यावर आला. तसबिरीस हार घालणें सोपें आहे. ज्या घरीं मुलीचा कल नाट्याकडे दिसेल, तेथें वडील मंडळींनीं तिला शास्त्र व श्रम शिकवावेत आणि परतीच्या वाटेवर दार उघडें ठेवावें, एवढीच आमची विनंति.