गप्प बसण्याचा अर्थ कोण लावणार?

पावसाळा सुरू झाला की समाजकार्य महाविद्यालयांचे विद्यार्थी फील्डवर्कसाठी आपल्या संघटनांच्या दारात येऊ लागतात. आठवड्यातले दोन दिवस, हातात वही आणि मनात थोडी भीती. आपणही त्यांना सामावून घेतो, कारण कामाला हात कमीच असतात. आदिवासी भागातल्या गटांकडे येणाऱ्या मुलामुलींना आता बायकांच्या 'केसेस' घ्यायला, समुपदेशन करायलाही सांगितलं जातं. त्यांच्या वह्यांमध्ये मग एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटतं : 'क्लायंट बोलत नाही, सहकार्य करत नाही.' या एका वाक्याबद्दल मैत्रिणींशी बोलायचं आहे.

आदिवासी बाईच्या गप्प राहण्याचा अर्थ दुसऱ्याने लावायचा, हे आपल्याला नवीन नाही. १९७२ च्या मार्च महिन्यात तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस चौकीत मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सत्र न्यायालयाने तिलाच खोटारडी ठरवलं. भीतीने निमूट राहणं म्हणजे संमती नव्हे, असं उच्च न्यायालयाने म्हटलं. पण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, म्हणून पोलिसांना सोडून दिलं. त्यावर १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. आपल्यापैकी कितीतरी जणी त्याच लढ्यातून चळवळीत आल्या. पण ज्या प्रश्नावर आपण न्यायालयाला धारेवर धरलं, तोच प्रश्न समाजकार्याच्या शिक्षणाला आपण कधी विचारला का?

हे शिक्षण आलं कुठून ते पाहिलं पाहिजे. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पहिली पदव्युत्तर शाळा सुरू झाली. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे नागपाड्यात काम करणारे अमेरिकन मिशनरी होते. दुसऱ्याच वर्षी तिथे बालमार्गदर्शन केंद्र निघालं. मेरी रिचमंड यांचं १९१७ चं सामाजिक निदानावरचं पुस्तक, केसवर्कची पद्धत, प्रत्येक भेटीची तपशीलवार नोंद, हे सगळं अमेरिकेतल्या शहरांमध्ये घडलं आणि इथे आलं. त्यातलं पुष्कळ उपयोगाचं आहे, ते फेकून द्या असं कुणी म्हणत नाही. पण त्या पद्धतीने एक चित्र गृहीत धरलं आहे. एक बंद खोली, समोरासमोर दोन खुर्च्या, आणि आपलं दुःख 'मी' या शब्दाने सुरू करणारं माणूस.

पाड्यावर यातलं काय असतं? बंद खोली नसते. संस्थेची जीप कुणाच्या दाराशी उभी राहिली हे तासाभरात सगळ्यांना कळतं, आणि गोपनीयता तिथेच संपते. भाषेचं तर विचारूच नका. मेळघाटातली कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, गोंडी आणि कोलामी द्रविड कुळातल्या. सातपुड्यात भिली आणि पावरी. या बायकांसाठी मराठी ही तलाठ्याची, वनरक्षकाची आणि दवाखान्याची भाषा आहे. त्या भाषेत त्यांनी आजवर अर्ज केले आणि बोलणी खाल्ली. मन मोकळं करायची ती भाषाच नव्हे. मग दुभाषा शोधला जातो, आणि तो बहुधा नवरा असतो किंवा दीर. नवऱ्याच्या तोंडून बायको मारहाणीबद्दल काय सांगणार?

वेळापत्रकाचंही तसंच. महाविद्यालयाचं वर्ष जून-जुलैत उघडतं आणि परीक्षेला मिटतं. रायगड-पालघरमधली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. विद्यार्थिनीची ओळख जरा कुठे जुळते आणि घराला कुलूप लागतं. वहीत नोंद होते : 'पाठपुरावा होऊ शकला नाही.' खरं तर त्या बाईची झोप का उडाली, छातीत धडधड का होते, याचं उत्तर त्या कुलपात आणि उचलीच्या आकड्यात असतं. पण उचल हा शब्द मनोविकाराच्या पाठ्यपुस्तकात नाही.

याहून गंभीर गोष्ट डाकिणीची. सातपुड्यात एखाद्या घरात मूल दगावलं, गुरं मेली की भगत एखाद्या बाईचं नाव घेतो. ती पुष्कळदा विधवा असते, एकटी असते, आणि तिच्या नावावर किंवा ताब्यात जमिनीचा तुकडा असतो. अशी बाई शिकाऊ समुपदेशकासमोर बसून म्हणाली की, 'लोक मला मारून टाकतील,' तर शिकवणीप्रमाणे तो संशय ठरू शकतो, भ्रम ठरू शकतो. पण लोक खरोखरच तिला मारतील! तिची भीती हे आजाराचं लक्षण नसून परिस्थितीचं अचूक वाचन आहे. तिला आधी हवी आहे सुरक्षितता, २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची माहिती, जमिनीचा सातबारा आणि तिच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या चार बायका. मनाचा आधार या सगळ्याबरोबर द्यायचा असतो. तो त्याच्या जागी देता येत नाही.

आता याच्या उलट टोकाला जाणारेही आहेत. आदिवासींचं सगळं छान, बाहेरच्यांनी काही शिकवू नये, असं म्हणणारे. त्यांना डाकीण दिसत नाही. पाळीच्या दिवसांत माडिया बाईला कुर्मा घरात काढावे लागणारे दिवसही दिसत नाहीत. मिरगी, बाळंतपणानंतरचं वेड, कानात आवाज ऐकू येणं, याला औषध लागतं, आणि ते मिळणं हा आदिवासी बाईचाही हक्क आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली सुरू झाला, पण डोंगरातून जिल्ह्याच्या गावी जायला एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं लागतं. म्हणून क्लिनिकल शिक्षण नको असं माझं म्हणणं नाही. ते नीट हवं, एवढंच.

नीट म्हणजे कसं, याची उदाहरणं आपल्याकडेच आहेत. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली 'लान्सेट'मध्ये ती छापून आली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि त्यांपैकी जेमतेम ८ टक्के बायकांची त्याआधी कधी तपासणी झाली होती. बायका बोलत नव्हत्या याचा अर्थ त्या निरोगी होत्या असा नव्हता. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. पुढे त्याच जिल्ह्यात गावातल्याच बायका शिकून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊ लागल्या आणि बालमृत्यू कमी झाले. म्हणजे गावातली बाई शिकू शकते. मग ती शिकवू का शकणार नाही?

दूरच्या कॅनडातही हा धडा फार महाग पडला. तिथल्या दीड लाखावर मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत घातलं गेलं. पुढे समाजकार्यकर्त्यांनीच मुलं उचलून परक्या घरांत दत्तक दिली. २०१५ साली सत्य आणि सलोखा आयोगाने ९४ शिफारशी केल्या. त्यातल्या अगदी पहिल्या शिफारशीत, बालकल्याणाचं काम करणाऱ्या समाजकार्यकर्त्यांना हा इतिहास नीट शिकवा, असं म्हटलं आहे. विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठात समाजकार्याचा एक पदव्युत्तर अभ्यासक्रम मूलनिवासी दृष्टीवर उभा आहे आणि त्यात समाजातली वडीलधारी माणसं शिकवतात.

आपल्याला काय करता येईल? महाविद्यालयं म्हणतील, अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवतं, आमच्या हातात नाही. पण फील्डवर्कची जागा आपल्या हातात आहे. आपल्याशिवाय त्यांची पदवी पुरी होत नाही. म्हणून विद्यार्थी घेण्याआधी आपण काही अटी घालाव्यात असं मला वाटतं. दोन-दोन दिवसांच्या फेऱ्यांऐवजी सलग मुक्काम, आणि तोही गाव गावात असताना. त्याआधी तिथल्या भाषेची निदान कामापुरती ओळख. दुभाषा म्हणून घरचा पुरुष कधीच नाही. पेसा (१९९६), वनहक्क कायदा (२००६) आणि जमिनीची कागदपत्रं यांचा अभ्यास मनोविकारांच्या लक्षणांइतकाच सक्तीचा. गावातली जी कार्यकर्ती विद्यार्थिनीला घरोघर नेते, तिला मानधन आणि गुण देण्याचा अधिकार. आज ती फक्त वाट दाखवणारी असते आणि सही सुपरव्हायझरची असते.

आणखी दोन गोष्टी. बाईबद्दल जे लिहिलं ते तिच्या भाषेत तिला वाचून दाखवावं आणि तिने खोडलं तर खोडावं. आणि आदिवासी मुली या वर्गांत विद्यार्थिनी म्हणून, पुढे शिक्षिका म्हणून याव्यात, यासाठी वसतिगृहापासून शिष्यवृत्तीपर्यंत आपण भांडावं. आज त्या आल्या तरी त्यांना 'तटस्थ राहा' असं शिकवून त्यांचं घरचं ज्ञान दाराबाहेर ठेवायला लावलं जातं.

या अटींमुळे काही महाविद्यालयं आपल्याकडे विद्यार्थी पाठवणार नाहीत. एखाद्या वर्षी हात कमी पडतील. ते मला चालेल. पण पुढच्या खेपेला वहीत 'क्लायंट बोलत नाही' असं वाक्य दिसलं, तर मैत्रिणींनो, त्याच्याखाली आपण एवढं तरी लिहूया : कुठल्या भाषेत विचारलं होतं, आणि तेव्हा शेजारी कोण बसलं होतं?