क्लबचं नाव कुणाच्या मालकीचं?

कोयनानगरात आमच्या बोलण्यात फुटबॉलपेक्षा पाऊस आणि धरणाची पातळी जास्त. पण कराडला उतरून महामार्गाने कोल्हापूर गाठलं, की हंगामात चहाच्या गाड्यावर एकच विषय : काल शाहू स्टेडियमवर कोण जिंकलं? आणि ती नावं ऐकून परगावचा माणूस चक्रावतो. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार, बालगोपाल, संध्यामठ. हे फुटबॉलचे संघ की कुस्तीचे आखाडे?

खरं तर दोन्ही. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला आणि पेठोपेठी तालमी फोफावल्या. 'तालीम' हा मूळ अरबी शब्द, अर्थ शिक्षण. पुढे याच तालमींची पोरं तांबड्या मातीतून उठून चेंडूमागे धावू लागली, तेव्हा नवं नाव शोधायची गरज कुणालाच वाटली नाही. 'पाटाकडील' म्हणजे पाटाच्या बाजूची. खंडोबा म्हणजे तर दैवतच. क्लबचं नाव म्हणजे साधा पत्ता! एवढं लांब नाव ओरडायला दम पुरत नाही, म्हणून 'पीटीएम' आलं. टोपणनावाचं बारसं असं गर्दी करते.

आता मुंबईकडे पाहा. महिंद्रा युनायटेड हा मोठा संघ. 2005-06 ची राष्ट्रीय लीग त्यांनी जिंकली. कंपनी जीप बनवायची, म्हणून खेळाडूंना 'जीपवाले' म्हणत. 2010 मध्ये कंपनीने संघ बंद केला आणि नाव, टोपणनाव, सगळं एकदमच गेलं. पुण्याचा एफसी पुणे सिटी 2014 मध्ये आला, 'स्टॅलियन्स' म्हणजे उमदे घोडे म्हणवला, आणि 2019 मध्ये त्याची जागा हैदराबादच्या संघाला मिळाली. मालक उठला की नावही उठतं.

कोलकात्याच्या मोहनबागानची गोष्ट वेगळी. 1889 मध्ये एका हवेलीच्या नावावरून क्लबचं नाव पडलं. चिन्ह शिडाची होडी. 2020 मध्ये व्यावसायिक भागीदारीमुळे नावाआधी 'एटीके' लागलं. चाहते चिडले, निषेध झाले, आणि 2023 मध्ये ते अक्षर-त्रिकूट काढावं लागलं. मालकांचं 'सुपर जायंट' हे शेपूट मात्र मागे जोडलं गेलंच!

पैसा लागतो, हे मी तरी नाकारणार नाही. उभं आयुष्य बँकेत गेलं. बूट, प्रवास, डॉक्टर, सगळ्याला खर्च आहे. पुरस्कर्त्याने छातीवर खुशाल आपली पाटी लावावी. पण बँकेतलीच एक गोष्ट सांगतो. एखाद्या मंडळाच्या खात्याचं नाव बदलायचं, तर अध्यक्षांची एकट्याची सही आम्हाला चालत नसे, ठराव लागे. खात्यात पन्नास रुपये असले तरी! मग पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं नाव एका करारावर बदलावं कसं?

नाव जागेशी बांधलेलं असतं, पण जागा सुटली तरी ते सुटत नाही. लंडनच्या आर्सेनलचा जन्म 1886 मध्ये वूलिचच्या शस्त्रागारातल्या कामगारांनी केला. 1913 मध्ये क्लब शहराच्या उत्तरेला गेला, शस्त्रागार मागे राहिलं. पण चिन्हातली तोफ आणि 'गनर्स' हे नाव आजही आहे. आम्हा कोयनेकाठच्या माणसांना हे वेगळं समजवावं लागत नाही. शिवसागराच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतला म्हातारा, दुसऱ्या जिल्ह्यात वसला तरी, 'तुम्ही मूळचे कुठले?' विचारल्यावर बुडालेल्या गावाचंच नाव सांगतो.

उद्या कुणी धनवंत थैली घेऊन कोल्हापूरच्या एखाद्या तालमीच्या दारात उभा राहिला, तर त्याचं स्वागतच करावं. चहा पाजावा, शर्टावरची जागा दाखवावी. नावाचा विषय निघाला, की मात्र सांगावं : साहेब, ते पेठेला विचारावं लागेल.