शुगर तपासता, मग लघवी का नाही?

गेल्या महिन्यात तालुक्याच्या गावाहून एक गृहस्थ आले. वय ५२, किराणा दुकान, ११ वर्षांपासून मधुमेह. पायावर सूज, जेवण जात नाही, चार पायऱ्या चढल्या की दम लागतो. क्रिएटिनिन ६.८ निघालं. म्हणजे दोन्ही मूत्रपिंडं जवळपास निकामी.

त्यांच्या पत्नीने पिशवीतून जाडजूड फाइल काढली आणि म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, दर तीन महिन्यांनी शुगर तपासतो हो आम्ही. एकदाही चुकवली नाही."

फाइल खरोखरच व्यवस्थित होती. उपाशीपोटी शुगर, जेवणानंतरची शुगर, कोलेस्टेरॉल, दोन ईसीजी. ११ वर्षांत लघवीतल्या अल्ब्युमिनचा मात्र एकही रिपोर्ट नव्हता. आणि त्याच फाइलमध्ये चार वर्षांपूर्वीची माझीही एक चिठ्ठी सापडली. खोकल्यासाठी आले होते. मी खोकल्याचं औषध दिलं, "शुगर सांभाळा" म्हटलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. तेव्हा ही तपासणी मीही सांगितली नव्हती.

म्हणून आजचा हा लेख. माझं मत सरळ आहे: मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्या प्रत्येक व्यक्तीची लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी वर्षातून एकदा झालीच पाहिजे. डॉक्टरांनी सांगितली नाही, तर पेशंटने मागून घ्यावी.

मूत्रपिंड नेमकं काय करतं?

मुठीएवढ्या आकाराची ही दोन मूत्रपिंडं. प्रत्येकात साधारण १० लाख सूक्ष्म गाळण्या, ज्यांना आपण नेफ्रॉन म्हणतो. या गाळण्यांतून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातलं ९९ टक्के पाणी, साखर आणि क्षार शरीर परत शोषून घेतं. उरलेलं दीड-दोन लिटर मूत्रवाहिन्यांतून मूत्राशयात येतं, ती आपली लघवी. शिवाय रक्तदाब सांभाळणं, रक्त तयार होण्यासाठी लागणारं संप्रेरक बनवणं आणि 'ड' जीवनसत्त्व कामाला लावणं हीही मूत्रपिंडाचीच कामं.

निरोगी गाळणीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जवळजवळ जात नाही. वर्षानुवर्षं साखर आणि रक्तदाब वाढलेला राहिला की गाळणी खराब होते आणि अल्ब्युमिन लघवीत झिरपू लागतं. या टप्प्यावर दुखत नाही, सूज नसते, लघवीही भरपूर होते. तक्रार म्हणून काहीच नसतं.

हे ज्ञान नवीन नाही. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये लघवीतलं अल्ब्युमिन आणि मूत्रपिंडाचा आजार यांचा संबंध दाखवला. चमच्यात लघवी घेऊन ती मेणबत्तीवर तापवायची आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी गोठते का ते पाहायचं, अशी ती तपासणी होती. जवळपास २०० वर्षांनंतर आपण गावोगावी रक्ताची डझनभर पॅकेजेस विकतो आणि हीच तपासणी विसरतो!

"पण डॉक्टर, क्रिएटिनिन तर नॉर्मल आहे"

हे वाक्य मी रोज ऐकतो. क्रिएटिनिन ही चांगली तपासणी आहे, पण ती उशिरा बोलते. मूत्रपिंडाची निम्मी क्षमता जाईपर्यंत अनेकांचा आकडा 'नॉर्मल'च्या रकान्यातच राहतो.

शिवाय तोच आकडा सर्वांसाठी सारखा नसतो. २५ वर्षांच्या तरुणाचं क्रिएटिनिन १.१ असेल, तर त्याची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, साधारण ९५ येते. ६५ वर्षांच्या आजींचं क्रिएटिनिनही १.१ असेल, तर ती ५५ च्या आसपास येते. ६० च्या खालचा आकडा तीन महिन्यांहून अधिक टिकला, तर त्याला आपण मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार म्हणतो. आजींच्या रिपोर्टवर मात्र लाल खूण नसते. त्यामुळे क्रिएटिनिनसोबत ईजीएफआर विचाराच.

मग करायचं काय?

लॅबमध्ये 'यूरिन अल्ब्युमिन क्रिएटिनिन रेशो' ही तपासणी मागा. उपाशी राहायची गरज नाही, सुई टोचायची नाही, सकाळची थोडी लघवी पुरते. ३० च्या आत असेल तर उत्तम. ३० ते ३०० म्हणजे धोक्याची घंटा. ३०० च्या वर म्हणजे आता उशीर नको. लघवीच्या साध्या तपासणीत सुरुवातीचं थोडं अल्ब्युमिन निसटू शकतं, म्हणून ही वेगळी तपासणी.

एकदा जास्त आलं म्हणून लगेच घाबरू नका. ताप, लघवीतला जंतुसंसर्ग, मासिक पाळी किंवा भरपूर व्यायामानंतर आकडा तात्पुरता वाढतो. तीन ते सहा महिन्यांत पुन्हा तपासून खात्री करतात.

खात्री झाली तर हातात उपाय आहेत. रक्तदाब १३०/८० च्या आत ठेवणं, साखर नियंत्रणात ठेवणं, मीठ कमी करणं, तंबाखू सोडणं. रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन अशा गोळ्या अल्ब्युमिनची गळती कमी करतात. डापाग्लिफ्लोझिन गटातली औषधं आजाराचा वेग मंदावतात आणि ती आता जेनेरिक स्वरूपातही मिळतात. मात्र ही औषधं शेजाऱ्याची चिठ्ठी पाहून घेऊ नका. त्यांच्यासोबत क्रिएटिनिन आणि पोटॅशियमवर लक्ष ठेवावं लागतं. आणि गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्रुफेनच्या गोळ्या बंद करा. 'किडनी साफ करणाऱ्या' चूर्णांच्या जाहिरातींनाही भुलू नका. मूत्रपिंड म्हणजे तुंबलेली मोरी नव्हे.

खर्चाचं काय?

काहीच त्रास नसताना तपासणीवर पैसे का घालवायचे, असं पेशंट विचारतात. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच मी ही तपासणी सरसकट सर्वांना करा असं म्हणत नाही. मधुमेह, रक्तदाब, घरात किडनीचा आजार, एवढ्यांनी तरी करावी.

दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहा. डायलिसिस म्हणजे आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास. निरोगी मूत्रपिंड आठवड्याचे १६८ तास काम करतं. मशीन त्यातले १२ तास करतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून डायलिसिसचा खर्च भागतो, हे चांगलंच आहे. पण येण्याजाण्याचं भाडं, बुडालेली रोजी आणि सोबत येणाऱ्या माणसाचा दिवस कोणत्या योजनेत बसतो? शासन डायलिसिसवर पैसा खर्च करतं, मग मधुमेहाच्या प्रत्येक पेशंटची ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातच का होऊ नये?

त्या गृहस्थांचं डायलिसिस सुरू झालं आहे. दुकान सध्या मुलगा पाहतो. मागच्या भेटीत त्यांच्या पत्नीने विचारलं, "माझीपण शुगर आहे. मी करू का ती लघवीची तपासणी?"

मी त्याच वेळी चिठ्ठी लिहून दिली. तुमच्या घरात कोणाला मधुमेह किंवा बीपी असेल, तर आज त्यांची फाइल काढून बघा. लघवीतल्या अल्ब्युमिनचा रिपोर्ट नसेल, तर पुढच्या भेटीत आपल्या डॉक्टरांना विचारा. आम्ही डॉक्टरही माणसंच आहोत; गर्दीत विसरतो. तुम्ही आठवण करून दिलीत, तर राग मानणार नाही.