पाल का जेवत नाही?

शाळेच्या स्मरणिकेत पालीवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल आणि तो रास्तच आहे. निकालांची परंपरा, माजी विद्यार्थ्यांचे यश आणि दात्यांचा ऋणनिर्देश हे स्मरणिकेचे नेहमीचे विषय. परंतु गेल्या हिवाळ्यात आमच्या प्रयोगशाळेतील एका आजारी पालीवरून शिक्षकांत आणि पालकांत जी चर्चा झाली, तिच्या मुळाशी शिक्षणाविषयीचाच एक प्रश्न होता. ज्या वसतिगृहात शेतमजुरांची आणि ऊसतोड कामगारांची मुले राहतात, जेथे धान्याचा हिशेब पायलीपायलीने ठेवावा लागतो, तेथे एका पालीच्या औषधपाण्यावर वेळ आणि पैसा खर्च करणे ही चैन नव्हे काय? या प्रश्नाला आमचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. त्याची कारणे येथे मांडत आहोत.

प्रथम त्या प्राण्याविषयी. ही भिंतीवरची घरपाल नव्हती. शहर सोडून जाणाऱ्या एका कुटुंबाने काचपेटीसह शाळेला दिलेली ती लेपर्ड गेको जातीची पाल होती. पिवळसर अंगावर बिबट्यासारखे काळे ठिपके असल्याने तिला हे नाव मिळाले. तिचा मूळ प्रदेश अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातील कोरड्या, खडकाळ भागाचा. घरपालीला पापण्या नसतात, हिला असतात. घरपालीच्या बोटांना चिकटून राहणाऱ्या गाद्या असतात, हिला नसतात; म्हणून ती काचेवर चढू शकत नाही. तिची जाड शेपूट म्हणजे तिची शिदोरी. खाल्लेल्या अन्नातील चरबी ती तेथे साठवते आणि उपासमारीच्या दिवसांत त्यावर तग धरते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात या पालीने रातकिडे खाणे सोडले. पहिले दोन दिवस कोणाच्या लक्षात आले नाही. आठवडा उलटल्यावर सल्ल्यांचा पाऊस पडला. कोणी म्हणाले, वाटीत दूध ठेवा. कोणी म्हणाले, तोंड उघडून किडा आत सारा. भेटीला आलेल्या काही पालकांचे म्हणणे याहून निराळे होते: पाल अशुभ, ती शाळेत ठेवूच नये, रात्री नेऊन माळावर सोडून द्यावी.

या शेवटच्या मताचा विचार आधी केला पाहिजे, कारण ते जुने आहे. पाल अंगाच्या कोणत्या भागावर पडली असता काय फळ मिळते, याची कोष्टके आजही पंचांगांत छापली जातात. ती चुकचुकली की बोलणारा अडखळतो. मनातल्या संशयालाही आपण शंकेची पाल म्हणतो. वास्तविक भारतातील एकही पाल विषारी नाही. जंतुसंसर्गाचा धोका मात्र खरा आहे. पालीच्या विष्ठेत साल्मोनेला हे जंतू असू शकतात. तेव्हा हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि स्वयंपाकाची भांडी झाकलेली असावीत. सावधगिरीला कारण लागते. अशुभाच्या शिक्क्याला कारण लागत नाही, जन्म पुरतो. असा शिक्का कसा बसतो आणि पिढ्यान्‌पिढ्या कसा पुसला जात नाही, हे आपल्या समाजाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

राहिले दूध आणि बळजबरीचे भरवणे. हे सल्ले मायेपोटी आले होते, यात शंका नाही. पण माया असली म्हणजे माहिती असतेच असे नाही. ही पाल कीटकभक्षी आहे. दूध हे तिचे अन्नच नव्हे. शिवाय सरपटणारे प्राणी आपल्या शरीराची ऊब स्वतः निर्माण करीत नाहीत, ती बाहेरून घेतात. या पालीच्या पेटीतील उबदार कोपरा सुमारे ३१ ते ३२ अंश सेल्सिअस असेल, तरच तिची पचनक्रिया नीट चालते. अंग गार पडले की पचन मंदावते, आणि पोटात गेलेला किडा पचण्याऐवजी तेथेच कुजू लागतो. अशा वेळी अन्न नाकारणे हा त्या जिवाचा हट्ट नसतो. त्याचे शरीर स्वतःला वाचवीत असते. तेव्हा बळजबरीने भरवणारा हात कितीही प्रेमाचा असला, तरी तो अपाय करतो.

आमच्या नववीच्या विद्यार्थ्यांनी या सल्ल्यांपेक्षा एक वही हाती घेतली, याचे आम्हांस समाधान आहे. पाल न खाण्याची कारणे अनेक असतात: थंडी, कात टाकण्याचा काळ, नवी जागा, वारंवार हाताळणे, पोटातील जंत, तोंडातील जखम, गिळलेली वाळू, अंडी धरणे. मुलांनी ही यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहिली आणि एकेक कारण तपासावयास घेतले. स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर दर रविवारी वजन होऊ लागले. ते तीन आठवड्यांत ५४ ग्रॅमवरून ४९ ग्रॅमवर आले. बोटांवर जुनी कात अडकलेली दिसली. ती कोमट पाण्याच्या ओल्या फडक्याने मऊ करून काढली.

शहरातील ज्या पशुवैद्यकांकडे मुले गेली, त्यांचे रोजचे रुग्ण गाई, म्हशी आणि शेळ्या. त्यांनी मुलांसमोरच पुस्तक उघडले आणि पाहून सांगतो म्हणाले. तज्ज्ञ माणूससुद्धा आधी पाहतो व मग बोलतो, हा धडा आमच्या कोणत्याही तासापेक्षा मोठा होता. त्यांनी तोंड तपासले, विष्ठा तपासून घेतली, जंत नसल्याचे सांगितले आणि एकच प्रश्न विचारला: पहाटे पेटीत तापमान किती असते?

ते कोणालाच ठाऊक नव्हते. मुलांनी दुपारी आणि पहाटे थर्मामीटर वाचला. दुपारी ३१ अंश, पहाटे १६. प्रयोगशाळेचा मेन स्विच नियमानुसार रात्री दहाला बंद होई आणि त्याबरोबर पेटीखालची उष्णता देणारी पट्टीही. डिसेंबर-जानेवारीत आपल्या शहरात रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, हे येथे राहिलेल्या प्रत्येकास माहीत आहे. पट्टीला स्वतंत्र जोडणी आणि तापमान राखणारा थर्मोस्टॅट मिळाला. नवव्या दिवशी पालीने एक रातकिडा खाल्ला, त्यानंतर दोन. आजही ती प्रयोगशाळेत आहे.

ती वाचली, एवढ्यावर आम्ही आमचे मत उभे करीत नाही. अशा पाली पुष्कळदा सर्व उपाय करूनही दगावतात. ती दगावली असती तरी ती वही तितकीच मोलाची ठरली असती. कारण तर्क, तपासणी, नोंद आणि निष्कर्ष हा क्रम मुलांनी परीक्षेसाठी पाठ केला नव्हता, एका जिवासाठी चालवला होता. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ५१क मध्ये, १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने, नागरिकांची मूलभूत कर्तव्ये आली. त्यांत प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी आणि वैज्ञानिक दृष्टिकोन ही दोन कर्तव्ये लागोपाठ येतात. त्यांतले एक दुसऱ्यावाचून किती अपुरे असते, ते या पालीच्या निमित्ताने मुलांना दिसले. दया होती म्हणून कोणी दूध आणले. दयेला विज्ञान मिळाले तेव्हा थर्मामीटर आला.

इतिहासाचे अध्यापक म्हणून आणखी एक दाखला द्यावासा वाटतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात दोन प्रकारच्या चिकित्सांची व्यवस्था केल्याची नोंद आहे: माणसांची आणि पशूंची. ज्या प्रदेशात औषधी वनस्पती नव्हत्या, तेथे त्या बाहेरून आणवून लावल्याचेही तो लेख सांगतो. एका विशाल राज्याच्या कारभारात पशूचे दुखणे नोंदवण्याजोगे होते. त्या काळी सर्वत्र सुबत्ता होती म्हणून हे घडले, असे कोणी म्हणणार नाही.

चैनीच्या आक्षेपाला आता उत्तर देता येईल. खर्च झाला तो एका थर्मोस्टॅटचा आणि तपासणीच्या शुल्काचा. त्या बदल्यात आमच्या वसतिगृहाला काही मिळाले आहे. जूनमध्ये पाचवीत दाखल होणारी मुले पहिल्या आठवड्यात ताट अर्धे टाकून उठतात. घरची आठवण, अनोळखी चव, शेजारच्या मुलाचा धाक, दुखणारी दाढ, रात्रीची भीती. कारणे पालीच्या यादीइतकीच वेगवेगळी. अशा वेळी मोठ्यांच्या तोंडी सहज येते, भूक लागली की खाईल. यंदा नववी-दहावीच्या मुलांनी आपण होऊन अशा लहानग्यांजवळ बसण्यास सुरुवात केली. ती ताट पुढे ढकलत नाहीत. काय होते, कधीपासून, रात्री झोप लागते का, असे विचारतात. पालीच्या वहीतून ही सवय आली, असे सिद्ध करता येणार नाही. आम्ही फक्त दोन्ही गोष्टी एकाच वर्षात पाहिल्या.

पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना शेवटी दोन विनंत्या. मुलांच्या हौसेपोटी असा प्राणी घरी आणावयाचा असेल, तर त्याचे आयुष्य किती आणि त्यास ऊब किती लागते, हे आधी जाणून घ्यावे. चांगल्या काळजीत ही पाल पंधरा-वीस वर्षे जगते. मुलाची दहावी-बारावी उलटून जाते. आपल्या डोंगरांत, लेण्यांच्या कपारींत राहणाऱ्या पाली मात्र पकडून आणू नयेत. त्यांचे घर तेच आहे. रानातल्या जिवाला हात लावण्यापूर्वी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आठवावा.

दुसरी विनंती अधिक महत्त्वाची. घरातले मूल जेव्हा सांगते की पाल जेवत नाही, मांजर जेवत नाही किंवा धाकटी बहीण जेवत नाही, तेव्हा त्याला हसून वाटेला लावू नये. ते मूल कोणाचे तरी दुःख पाहत आहे. त्याच्या हाती एक वही द्यावी आणि कारण शोधावयास त्याच्याबरोबर बसावे.