आमची माहिती नेमकी कुणाकुणाकडे आहे?

मा. आयुक्त,
मिरा-भाईंदर महानगरपालिका

महोदय,

३१ जुलै २०२४ रोजी देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांच्या खातेदारांचे यूपीआय व्यवहार ठप्प झाले. घाला पडला होता तो या बँकांना संगणकसेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजवर. ही स्टेट बँक आणि टीसीएस यांची संयुक्त कंपनी. खंडणीखोरांचा व्हायरस पुढे पसरू नये म्हणून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिची जोडणी तोडली. दुसऱ्या दिवशी ती पूर्ववत झाली. क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी माग काढला, तेव्हा शिरकाव ब्राँटू नावाच्या तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरमधून झाल्याचे त्यांनी सांगितले. खातेदाराने विश्वास ठेवला बँकेवर, आणि कडी उघडी राहिली दोन घरे पलीकडे.

मालमत्ता कराच्या निमित्ताने आमची नावे, पत्ते, मोबाईल क्रमांक आपल्याकडे आहेत. जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेत. २०११च्या जनगणनेतच या शहरात आठ लाखांवर माणसे होती. म्हणून विचारतो: या नोंदींच्या कामात बाहेरच्या कोणत्या संस्था आहेत? त्यांनी काम पुढे कुणाला दिले आहे? ठेका संपला किंवा ठेकेदाराचा माणूस नोकरी सोडून गेला, तर त्याचा पासवर्ड त्याच दिवशी बंद होतो का? हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण कुठलाही व्हायरस न शिरता इथूनच माहिती फुटू शकते.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाचा रोख स्पष्ट आहे. काम कुणाकडूनही करून घ्या, करारात काहीही लिहा, उत्तर द्यायचे ते ज्याच्यासाठी काम चालले त्यानेच. या अधिनियमाची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होते आहे. ती पूर्ण होईपर्यंत थांबू नये. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्या यंत्रणेला कळवावी लागते. पण ठेकेदाराने आपल्याला तिसऱ्या दिवशी सांगितले, तर शहराला वेळेत सावध कोण करणार? तेव्हा ठेकेदार आणि त्याचा उपठेकेदार, दोघांनीही काही तासांत कळवण्याची अट प्रत्येक करारनाम्यात हवी, दंडासह.

बॅकअपची एक प्रत ठेकेदाराच्या नव्हे, महापालिकेच्या ताब्यात आणि नेटवर्कपासून तोडलेली असावी. ती अधूनमधून उघडूनही पाहावी. शिवाय या संस्थांची नावे आणि शेवटच्या सुरक्षा लेखापरीक्षणाची तारीख महापालिकेच्या संकेतस्थळावर लावावी. त्रुटींचा तपशील आम्हाला नको. आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला,
मिरा रोडचा एक करदाता