न्यूयॉर्कचा पेढा आणि बेलापूरची ३७७ मतं

२५ जून २०२५. जोहरची नमाज झाली, चपला शोधत होतो, तेवढ्यात शेजारच्या इमारतीतल्या एका तरुणाने माझ्या हातावर पेढा ठेवला. "चाचा, आपला पोरगा जिंकला!" कुठे, तर न्यूयॉर्कला. नेरूळमध्ये पेढे वाटले जातायत जोहरान ममदानीचे. मी पेढा खाल्ला, मुबारकबादही दिली. मग विचारलं, "काय जिंकला रे तो?" पोराला नीट सांगता येईना. महापौर झाला म्हणाला.

तेव्हा तो महापौर झाला नव्हता. तो जिंकला होता आपल्याच पक्षातली निवडणूक. तिकडे तिला प्रायमरी म्हणतात. डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार कोण, हे पक्षाच्या नावाने नोंदलेल्या सामान्य मतदारांनी मत देऊन ठरवलं. समोर होते अँड्र्यू कुओमो, राज्याचे माजी गव्हर्नर, वडीलही गव्हर्नर. घराणं, पैसा, बडी मंडळी, सगळं त्यांच्याकडे. तेहेतीस वर्षांचा पोरगा घरभाडं आणि बसभाडं यावर बोलत राहिला आणि लोकांनी त्याला उमेदवार केलं. कुओमोंच्या बंगल्यावर त्याला हार घेऊन जावं लागलं नाही. पेढे वाटायचेच असतील तर या पद्धतीचे वाटा. तो मुसलमान आहे ही त्यातली सगळ्यात छोटी गोष्ट.

आता आपल्याकडे या. मी कोणत्या बाजूचा हे लपवत नाही. माझं मत महाविकास आघाडीला जातं. २३ नोव्हेंबर २०२४ ला बेलापूरचा निकाल लागला तेव्हा मी जेवलो नव्हतो. भाजपच्या मंदा म्हात्रे निवडून आल्या, राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे संदीप नाईक पडले, अंतर ३७७ मतांचं. सिडकोच्या एखाद्या सोसायटीत याहून जास्त मतदार असतील. त्या संध्याकाळी आमच्यातले शहाणे एकमेकांना विचारत होते, आपली माणसं मतदानाला का उतरली नाहीत?

मी सांगतो का ते. हे संदीप नाईक ऑक्टोबर २०२४ पर्यंत भाजपचे नवी मुंबई जिल्हाध्यक्ष होते. भाजपने तिकीट दिलं नाही म्हणून इकडे आले आणि आल्या आल्या आमचे उमेदवार झाले. वडील गणेश नाईक त्याच वेळी शेजारच्या ऐरोलीत भाजपचे उमेदवार. तेही जिंकले आणि पुढे मंत्री झाले. म्हणजे एका खाडीवर दोन पक्ष आणि घर एक. ज्या कार्यकर्त्यांनी पाच वर्षं भाजपविरुद्ध आंदोलनं केली, पोलिसांच्या नोटिसा घेतल्या, त्यांना कुणी विचारलं? आमच्या गल्लीतला एक रिक्षावाला मला म्हणाला, "परवापर्यंत ज्याच्या बॅनरवर कमळ होतं, त्याच्यासाठी रोजी बुडवून रांगेत उभं राहू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी स्वतः गेलो, बटण दाबलं. पण त्याला मी गद्दार म्हणणार नाही.

मुसलमानांपुरतं बोलायचं तर हिशेब आणखी कडू आहे. २०२४ च्या लोकसभेला आघाडीच्या ४८ उमेदवारांत एकही मुसलमान नव्हता. काँग्रेसचे नसीम खान यांनी नाराज होऊन प्रचार समिती सोडली. तरी आपण मतं दिली, आघाडीच्या ३० जागा आल्या आणि फडणवीसांनी त्याला 'व्होट जिहाद' म्हटलं. शिव्या त्यांच्याकडून खाल्ल्या, आणि गृहीत आपल्याच लोकांनी धरलं. सहा महिन्यांनी विधानसभेत तीन पक्ष मिळून ४६ वर आले. २८८ आमदारांत मुसलमान दहा, तेही सगळ्या पक्षांचे मिळून. पराभवाचं खापर ईव्हीएमवर फोडणाऱ्यांना माझा एकच सवाल आहे: तिकीटवाटप पण मशीननेच केलं होतं का?

कुणी म्हणेल, हे अमेरिकेचं खूळ इथे चालायचं नाही. अहो, इथे झालंय! २०१४ च्या लोकसभेला राहुल गांधींनी काही मोजक्या मतदारसंघांत प्रायमरी घेतली. आपल्या महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर. वर्ध्यात जिंकले सागर मेघे, म्हणजे मावळते खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव. प्रत्यक्ष निवडणुकीत ते पडले आणि काही महिन्यांत बाप-लेक भाजपमध्ये गेले. लातूरची जागाही गेली. बस, एवढं झालं आणि प्रयोग गुंडाळला. पण मत कुणाला होतं? पदाधिकाऱ्यांना. ज्यांना नेत्याने नेमलं त्यांनीच नेत्याच्या मुलाला निवडलं, यात नवल ते काय? वर्ध्यात प्रायमरी हरली नाही. तिथे ती झालीच नाही.

दुसरा आक्षेप खरा आहे: पैसेवाला हजार खोटे सदस्य नोंदवेल. नोंदवेल. मग सदस्यत्वाला दोन वर्षं झालेल्यालाच मत द्या, यादी वॉर्डात चिकटवा, हरकती घ्या. आणि आज पैसा चालत नाही असं ज्याला वाटतं त्याने एकदा उमेदवारी जाहीर व्हायच्या आदल्या रात्री बंगल्याबाहेरच्या गाड्या मोजाव्यात. भाजपमध्ये हेच दिल्लीत होतं, हे मला ठाऊक आहे. पण भाजपला सुधारणं माझं काम नाही.

आणि आपले बुजुर्ग? दर निवडणुकीला जमातीच्या नावाने शाल-हार घेऊन जाणारे चार चेहरे तेच. "समाजाला एक तिकीट द्या" म्हणायचं, म्हणजे आपल्याला. खैरात मागणाऱ्याला कुणी उमेदवार करत नाही, फार तर अल्पसंख्याक सेलचा अध्यक्ष करतात.

एप्रिल २०१५ नंतर २०२५ च्या जूनपर्यंत नवी मुंबई महापालिकेची निवडणूक झाली नव्हती. दहा वर्षं! पाच वर्षांपासून प्रशासकाचं राज्य होतं. सर्वोच्च न्यायालयाने बजावल्यावर ती होईल अशी चिन्हं तेव्हा दिसत होती. १११ नगरसेवकांची पालिका. तेव्हा मी आघाडीतल्या एका स्थानिक पदाधिकाऱ्यांना भेटून म्हटलं, सगळीकडे नको, एका वॉर्डात करून बघा. सदस्यांना मत द्या, पेट्या मी आणतो, मोजायला शाळेतले दोन निवृत्त मास्तर बसवू. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं, आणि हसून म्हणाले, "अहो, उमेदवार लोकांनीच ठरवला तर मग आमच्याकडे येणार कोण?"